हाराखालचा नंबर

दंडाचं म्हणाल तर मला सगळे तोंडपाठ होते. लायसन जवळ नसलं तर काय, दिवा नसला तर काय, तिघं बसले तर काय, भर चौकात गाडी उभी केली तर काय, नंबर दिसत नसला तर काय. परवा माझी नात मोबाइलवर शिकाऊ लायसनची परीक्षा देत होती. मध्येच मान वर करून म्हणाली, "आजी, एवढं सगळं कोण लक्षात ठेवतं गं?" मी ठेवलं होतं. नुसतं ठेवलं नव्हतं, अख्ख्या थेरगावाला ऐकवलं होतं. आणि मग एका दसऱ्याला, तासाभराच्या आत, त्यातले बरेचसे गुन्हे मी स्वतः करून दाखवले. नवीन गाडी शिकणाऱ्या पोरापोरींसाठी लिहून ठेवते. नियम पाठ असणारा माणूस रस्त्यावर फार धोक्याचा असतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. थेरगाव तेव्हा गावच होतं. नदीकडे भाजीची वावरं, इकडे ज्वारी, आणि पहाटे पिंपरी-चिंचवडच्या कंपन्यांकडे निघालेल्या सायकलींची लांबलचक रांग. आमचे हे एका कंपनीत फिटर होते. स्कूटर हवी तर पैसे भरून नंबर लावायचा आणि मग वर्षानुवर्षं वाट बघत बसायचं, असा तो काळ. यांनी लग्नाआधी नंबर लावला होता. तो लागला तेव्हा आमची धाकटी बालवाडीत जायला लागली होती. या मधल्या काळात हे मित्राच्या गाडीवर शिकले, पक्कं लायसनही काढून बसले. मग आपली स्वतःची गाडी आली, पेढे वाटले, आणि त्याच आठवड्यात यांनी ती सरळ नेऊन शेजारच्यांच्या उकिरड्यात घातली.

लागलं काही नाही. उकिरडा मऊ असतो. पण शेजारची म्हातारी महिनाभर यांना येता-जाता विचारायची, "आज कुठं, आमच्याकडं का?" पुरुषमाणसाला एवढं पुरतं. यांनी स्कूटर ओट्यावर चढवली, सासूबाईंचं जुनं लुगडं तिच्यावर पांघरलं आणि मुकाट्याने कंपनीची बस धरली. म्हणजे घरात चित्र असं होतं की यांच्याकडे लायसन होतं पण धीर नव्हता, आणि माझ्याकडे धीर होता पण लायसन नव्हतं. अक्कल कुणाकडे होती ते विचारू नका.

गाडी मला हवी होती त्याला कारण होतं. मी भोसरीच्या बाजूला एका शाळेत शिकवत होते. दोन बस बदलाव्या लागायच्या, आणि त्यातली दुसरी तिच्या मनात असेल तेव्हा यायची. मी पोचायची तोवर प्रार्थना होऊन हजेरीही झालेली असायची. शेवटी मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. त्या कधी रागवायच्या नाहीत, म्हणून जास्त भीती वाटायची. "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मी सांभाळून घेते," त्या म्हणाल्या. "सुट्टीनंतर पहिल्या तासाला तुम्ही वर्गात नसाल, तर मला दुसऱ्या बाई बघाव्या लागतील. मला हे आवडत नाही, पण मुलांना वर्गात कुणीतरी लागतं."

घरी येऊन यांना सांगितलं. तर त्याच दिवशी निघोज्याहून थोरले दीर आलेले. ते तिथे सासुरवाडीच्या जमिनीवर राहायचे आणि दुधाचा धंदा करायचे. ओट्यावरच्या लुगड्याचं टोक उचलून ते गाडी बघत होते. "उभी राहून सडंल रं ही," ते यांना म्हणाले. "मला दे. दोन्ही बाजूला कॅन बांधतो, चाकणला दूध घालतो." हे लगेच तयार झाले असते, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी मध्ये पडले. मी म्हटलं, गाडी मी शिकते. दोघे भाऊ एकदम हसले. हसणं झाल्यावर हे जरा वरमले आणि म्हणाले, "दिवाळीपर्यंत तुला पक्कं लायसन मिळालं तर गाडी तुझी. नाहीतर भाऊबीजेला दादा घेऊन जाईल."

गाडी गेली म्हणजे नोकरी गेली, एवढा सरळ हिशोब होता.

मी शिकाऊ लायसन काढलं. दोन पांढऱ्या पत्र्यांवर लाल रंगात एल रंगवून घेतले आणि गाडीला पुढे-मागे बांधले. आता कायदा असा की शिकाऊ माणसाने मागे कुणाला बसवायचं तर तो लायसनवालाच हवा. आणि आमच्या ओळखीत लायसनवाला माणूस एकच. त्यामुळे ज्या गाडीवर पुन्हा न बसण्याची यांनी शपथ घेतली होती, तिच्यावर हे रोज संध्याकाळी माझ्यामागे बसू लागले. डोळे मिटून.

"ब्रेक," हे ओरडायचे.

"अहो, अजून किक मारली नाही."

"मग मार. पण हळू मार."

मोकळ्या वावरात आम्ही गोल गोल फिरायचो. बायका धुणं सोडून बघायला यायच्या. त्या भागात तेव्हा बाईने स्कूटर चालवणं म्हणजे तमाशाला तिकीट नसण्यासारखं होतं. गाडी सुरू होईना झाली की मी ती सगळ्यांसारखी एका अंगाला तिरकी करून धरायची आणि मग किक मारायची. ते का करतात हे मला ठाऊक नव्हतं, पण केल्यावर आपण जाणकार दिसतो एवढं कळलं होतं.

जाणकार दिसायची मला फार हौस. वाहतुकीच्या नियमांचं एक पातळ पुस्तक मिळालं, ते मी असं पाठ केलं की भाजी चिरताना सुद्धा दंड पुटपुटायचे. आणि पाठ झाल्यावर ते पोटात कसं राहणार? सायकलवर डबल सीट जाणाऱ्यांना मी थांबवायची. दिवा नसलेल्या सायकलवाल्याला सांगायची की हवालदाराने धरलं तर चाकातली हवा सोडेल, वर खटला वेगळाच. यांचे एक मित्र बायको-मुलासकट स्कूटरवरून हळदीकुंकवाला आले, तर त्यांना पाणी द्यायच्या आधी मी तिघांचा दंड सांगितला. ते बिचारे पाणी न पिताच म्हणाले, "वहिनी, पुढच्या खेपेला बसने येतो." गल्लीत मला हवालदारीणबाई म्हणायला लागले. मला वाटायचं कौतुकाने म्हणतात.

मग दसरा आला.

कंपन्यांमध्ये खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची, तशी घरोघर दसऱ्याला हत्यारांची. आमच्या पाटावर विळा, कोयता, सासूबाईंचं जातं उचलेना म्हणून त्याचा नुसता खुंटा, यांचं मोजमापाचं कॅलिपर आणि माझी शाळेची पुस्तकं. त्यावर मी माझं शिकाऊ लायसन ठेवलं. का, तर अक्षरं लिहिलेला कागद म्हणजे सरस्वतीच, आणि त्यातून सरकारी. त्यावर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. एकदा पूजा मांडली की उत्तरपूजा होईपर्यंत तिथली वस्तू हलवायची नाही, हा आमच्याकडचा शिरस्ता. पुस्तकालाही हात लावायचा नाही, म्हणून तर शाळेत असताना मला दसरा आवडायचा.

गाडी मी सजवली. घरच्या वावरातला झेंडू होता, हात आखडायचं कारण नव्हतं. पुढे मनगटाएवढा जाड हार, मागे तसलाच दुसरा, हँडलला आंब्याचे टाळे, दिव्याच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक. शेजारची म्हातारी कुंपणावरून म्हणाली, "लगीन लावताय का गाडीचं?" मला तेही कौतुकच वाटलं.

हे सकाळीच बसने निघोज्याला गेले, भावाला सोनं द्यायला. संध्याकाळी गाव सीमोल्लंघनाला निघायची वेळ झाली. दसऱ्याला शीव ओलांडून जायचं, आपट्याची पानं घ्यायची आणि ते सोनं एकमेकांना द्यायचं. सासूबाई जरीकाठाचं नऊवारी नेसून, पदरात आपट्याची पानं घेऊन, स्कूटरजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"पायी जाऊन जाऊन टाचा झिजल्या माझ्या," त्या म्हणाल्या. "औंदा गाडीवरनं शीव वलांडू."

"आत्याबाई, हे घरी नाहीत. मागे लायसनवालं माणूस लागतं."

"मग मी काय माणूस न्हाई?"

"तसं नाही हो. कायदा आहे."

"तुज्या सासऱ्याला मागं बसवून बैलगाडी हाकलीय मी, पार देहूपातुर. तवा कुणी कायदा काढला न्हाई."

तिथे ठाम नाही म्हणायला हवं होतं. पण गल्ली जमली होती. गाडी सजलेली, मी सजलेली, आणि सगळी तोंडं माझ्याकडे. माझं पातळ पुस्तक कुठल्या कुठे गेलं. मी चाकाखाली लिंबू ठेवलं, गाडी तिरकी केली, किक मारली. सासूबाई एका अंगाला पाय सोडून बसल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावर असा हात ठेवला की जणू गाडी त्याच चालवत होत्या.

शिवेपर्यंत सगळं गोडीत झालं. पायी आलेली माणसं बाजूला सरली, सासूबाईंनी वरूनच सगळ्यांना सोनं वाटलं. तिथूनच मागे फिरायचं, तर त्या म्हणतात, "एवढ्यात काय? चल जरा म्होरं, मोठ्या चौकापातुर." मलाही तेच हवं होतं. आम्ही चिंचवडच्या बाजूच्या चौकात आलो. ट्रक, टेम्पो, शिफ्टवरून सुटलेल्या सायकली, आणि मधोमध चबुतऱ्यावर एक वाहतूक हवालदार हात करत उभा. त्याने आमच्याकडे पाहिलंही नव्हतं. त्याने हात केला होता तो पुढे जा म्हणूनच. मी गेले असते तर ही गोष्ट झालीच नसती.

"थांब, थांब," सासूबाई खांदा दाबत म्हणाल्या. "त्यो बघ. सणासुदीचा दिस, आन बिचारा उभाच हाय. कुणाच्या तरी पोटचा लेक हाय न्हवं? त्याला सोनं देऊ."

वडीलधारं माणूस थांब म्हणालं की थांबायचं, असं आमचं वळण. मी थांबले. बरोब्बर त्याच्या चबुतऱ्याला टेकवून, चौकाच्या मधोमध.

सासूबाईंनी पदरातून पानं काढून पुढे केली. "घे बाबा. सोन्यासारखा ऱ्हा." हवालदार तिशीचा असेल, बोलण्यावरून मराठवाड्याकडचा. तो क्षणभर बघतच राहिला. मग खाली उतरला, पानं घेतली, टोपी काढली आणि वाकून सासूबाईंच्या पायांना हात लावला. "लई बरं वाटलं बघा, आजी," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली, दसऱ्याला गावाकडं गेलो न्हाई." सासूबाईंचे डोळे भरून आले. मागे ट्रकवाले कर्कश हॉर्न देत होते.

मग त्याने टोपी घातली, दोन पावलं मागे सरला आणि आमच्या गाडीकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

"बाई, गाडीचा नंबर काय?"

मी घडाघडा सांगितला. मला वाटलं, पाठ आहे याचं बरं वाटेल त्याला.

"तोंडी न्हाई विचारलो. दिसत का न्हाई?"

"हार आहे ना त्यावर."

"अन् मागं?"

"मागेही हार आहे."

"लायसन काढा."

"घरी आहे."

"घरी कशाला?"

"पूजेत मांडलंय. उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवता येत नाही."

त्याने खिशातून वही काढली आणि लिहायला लागला. "पक्कं का शिकाऊ?"

"शिकाऊ."

"मग एल कुठाय?"

मी पुढचा हार उचलून दाखवला. खाली एल होता, त्यावर कुंकवाची पाच बोटं.

"अन् या आजी मागं कशा?"

"मी सासू हाय तिची," सासूबाई म्हणाल्या.

"ते लायसनात धरत न्हाईत, आजी."

"आत्ता पाया पडलास न्हवं माझ्या?"

"पडलो की. आता ड्युटी करतो."

इथे कुणीही शहाणी बाई हात जोडून उभी राहिली असती. मी काय केलं? मी त्याला नियम सांगायला लागले. लायसन जवळ नसेल तर नंतर ठाण्यात आणून दाखवायची मुभा असते, नंबर झाकल्याचा दंड वेगळा आणि चौकात थांबल्याचा वेगळा, दोन्ही एकत्र धरायचे की नाही ते कोर्टाने बघायचं, असं सगळं. तो लिहायचं थांबला आणि मान तिरकी करून माझ्याकडे बघत राहिला.

"तुम्हांला एवढं सगळं ठावं हाय," तो म्हणाला, "मग केलाव कशाला?"

इतका सरळ प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी खाली बघितलं. माझ्या चपलेला झेंडूची पाकळी चिकटली होती.

गाडी चौकीत ठेवून घेतली, हारासकट. आम्ही दोघी पायी परत निघालो. निदान मुकाट्याने यावं, तर सासूबाईंच्या पदरात उरलेलं सोनं होतं. वाटेत भेटेल त्याला एक पान आणि एकेक पानाबरोबर सगळी हकिकत. "पाया पडला आन मग लिवलं. असला पोलीस मी बघितला न्हाई," हे प्रत्येक वेळी. म्हणजे घरी पोचेपर्यंत गावात कुणाला सांगायचं राहिलं नव्हतं. शेजारची म्हातारी कुंपणाशी वाट बघत होती. "गाडी आमच्याकडं न्हाई पडली," ती म्हणाली, "मी बघून आले."

हे निघोज्याहून आले. मी सांगितलं. हे रागावतील असं वाटलं होतं, पण हे नुसते बसले आणि म्हणाले, "दादा विचारत होता, कॅन बांधायला कॅरिअर करून घेऊ का."

मग गल्लीतल्या जाणत्यांची बैठक भरली. एकाचं म्हणणं, शिकाऊवर केस झाली की पक्कं देतच नाहीत. दुसरा म्हणाला, देतात, पण तीन वर्षांनी. ज्यांना मी पाणी न देता तिघांचा दंड सांगितला होता ते मित्रही आले होते, ते म्हणाले, "वहिनी, पुस्तकात काय लिहिलंय?" मी पुस्तक काढलं. पुस्तकात दंड होते, आणि शेवटी एक ओळ होती की कोर्टाला वाटल्यास लायसन रद्द करता येईल. करतीलच असं नव्हतं, करणार नाहीत असंही नव्हतं. करता येईल. इतके दिवस ती ओळ मी बाकीच्या ओळींसारखीच खडखडीत म्हणत होते. आता त्या 'येईल'शी येऊन अडकायला लागले.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली. पिवळं-लाल झालेलं लायसन घेऊन मी आणि हे चौकीत गेलो. तिथल्या जमादाराने ते नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि गाडी सोडली. पण खटला राहिलाच. कोर्टाची तारीख लागली ती नेमकी माझ्या लायसनच्या टेस्टच्या आदल्या दिवशीची. टेस्ट पुण्याला. म्हणजे आदल्या दिवशी न्यायाधीशांनी रद्द म्हटलं की दुसऱ्या दिवशी पुण्याला जायचं कामच नाही. त्या पंधरवड्यात मी कुणाला काही नियम सांगितला नाही. बिनदिव्याच्या सायकली माझ्यासमोरून गेल्या. मी भिंतीकडे तोंड करायची.

तारखेला सासूबाई यायला निघाल्या होत्या. "मी साक्ष देते," त्या म्हणाल्या. "त्याला इचारते, सोनं का घेतलं मग?" त्यांना शपथ घालून घरी ठेवलं.

कोर्टात आमच्यासारखे पुष्कळ होते. बिनदिव्याचे, सायकलचा कर न भरलेले बिनबिल्ल्याचे, एक टांगेवाला. हवालदार कोपऱ्यात उभा होता. त्याने मला पाहिलं आणि नजर फिरवली. मला वाटलं, झालं, हा आता सगळं वाचून दाखवणार. माझं नाव पुकारलं. न्यायाधीश वयस्कर, चष्म्याच्या वरून बघणारे. त्यांच्या पुढ्यातल्या कागदावरून कारकुनाने वाचलं: नंबर नीट दिसत नव्हता, आणि लायसन जवळ नव्हतं. बस.

"गुन्हा कबूल आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

आता बघा. त्या हवालदाराने एल लिहिलाच नव्हता. सासूबाईंना लिहिलं नव्हतं. चौकात थांबले ते लिहिलं नव्हतं. ज्या बाईच्या पायांना हात लावला तिच्यासाठी तो तेवढंच करू शकत होता, आणि तेवढं त्याने केलं होतं. ज्याला डोकं आहे त्याने कबूल म्हणून खाली बसावं. पण मी वर्गात हात वर करणारी मुलगी. मी म्हटलं, "कबूल आहे साहेब. पण एलसुद्धा झाकला होता, आणि मागे..."

कोपऱ्यातून खोकला आला. मोठा, कोरडा. हवालदार खोकत होता आणि माझ्याकडे असं बघत होता, जसं मी शेवटच्या बाकावरच्या मुलांकडे बघते.

"बाई," न्यायाधीश म्हणाले, "तुम्ही काय करता?"

"शिक्षिका आहे."

"वाटलंच. जेवढं विचारलं तेवढंच सांगा. गुन्हा कबूल?"

"कबूल."

त्यांनी दंड सांगितला. तो इतका किरकोळ होता की मला वाटलं पुढे अजून काहीतरी येणार. मी उभीच राहिले. कारकून हाताने जा म्हणाला. मी गेले नाही.

"आता काय?" न्यायाधीशांनी चष्मा काढला.

"साहेब, लायसन?"

"त्याचं काय?"

"रद्द?"

"कुणी सांगितलं?"

गल्लीने सांगितलं, हे कसं सांगणार.

"एका हारासाठी कुणाचं लायसन रद्द करायला बसलो तर दसऱ्यानंतर अर्ध्या पुणे जिल्ह्याने पायी चालायला हवं," ते म्हणाले. "हार घाला, पण नंबर सोडून घाला. चला, पुढचा."

मी बाहेर आले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले. हे धावत आले. माझा चेहरा बघून यांना वाटलं, गेलं सगळं. म्हणाले, "जाऊ दे, दादाला कॅरिअर करू दे." मी म्हटलं, "काही झालं नाही. उद्या पुण्याला जायचंय." यांचं तोंड बघण्यासारखं झालं. बायकोची नोकरी वाचतेय याचा आनंद होता, आणि उद्या पुण्यापर्यंत मागे बसायचंय याचं भय होतं, आणि दोन्ही एकाच चेहऱ्यावर मावत नव्हतं. तेवढ्यात हवालदार बाहेर आला. जाता जाता थांबला, माझ्याकडे न बघता यांना म्हणाला, "साहेब, बाईंना बोलायला कमी लावा. गाडी ठीक चालवतात." मग जरा पुढे जाऊन परत वळला. "आजींना नमस्कार सांगा."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्याला गेलो. दापोडीचा पूल आला तेव्हा यांनी माझ्या पाठीला कपाळ टेकवलं. मैदानात मी आठाचा आकडा काढला, हाताचे इशारे केले. तपासणाऱ्या साहेबांनी विचारलं, "गाडी चालवताना लायसन कुठे असावं?"

"जवळ," मी म्हटलं. आणि तोंड मिटलं.

मी अजून काही बोलेन म्हणून त्यांनी वाट बघितली. बहुतेक बायका एक प्रश्न विचारला की घाबरून दहा उत्तरं देतात, असं त्यांना वाटत असावं. मी काहीच दिलं नाही. त्यांनी सही केली.

आमचं नशीब, लायसनचं पुस्तक त्याच दिवशी दुपारी खिडकीवर मिळालं. मी दारात उभी राहून ते तीनदा उघडलं. यांनी सुतळी सोडून एलचा पत्रा काढला, पुढचा आणि मागचा, आणि विचारलं, "आता कायद्याने मागे मी लागत नाही ना?"

"नाही."

"नक्की? पुस्तकात तसं आहे?"

"आहे."

"मग मी बसने येतो," हे म्हणाले, आणि पत्रे काखेत मारून चालायला लागले. मागे वळून बघितलं नाही.

मी एकटी निघाले. आयुष्यात पहिल्यांदा, मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही, आणि पर्समध्ये पक्कं लायसन. गाडी किती हलकी वाटली म्हणून सांगू. दर थोड्या वेळाने मी मागच्या सीटवर हात फिरवून बघत होते, हे खरंच नाहीत ना. बोपोडीच्या पुढे एक बस मला ओलांडून गेली. मी आपली डाव्या बाजूने, शहाण्यासारखी. खिडकीला हे होते. मांडीवर पत्रे, तोंड उघडं, गाढ झोपलेले. गाडी घरात आल्यापासून यांना इतकं निवांत मी पाहिलं नव्हतं. मी हॉर्न वाजवला नाही. झोपू दिलं.

निघोज्याच्या दिरांनी भाऊबीजेला कॅरिअर आणलंच होतं. ते त्यांनी सायकलला लावलं आणि जाताना मला म्हणाले, "मास्तरीणबाई, चाकणला आलात तर माझं दूध टाकत जा." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दुधाच्या कॅनचा नियम मला ठाऊक होता, पण मी सांगितला नाही.

सुट्टी संपली. शाळेच्या पहिल्या दिवशी मी घरातून निघाले ती बसच्या हिशोबानेच, जुन्या सवयीने. भोसरीला पोचले तर रस्त्यावर कुणी नाही. शाळेचं फाटक बंद, कुलूप लावलेलं, आणि शिपाई अजून चहाच्या टपरीवर बसलेला. त्याने मला बघून कप खाली ठेवला आणि घड्याळ नसलेल्या मनगटाकडे पाहिलं.

"काय बाई, आज सुट्टी हाय का?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तू चहा पी निवांत."

मी स्कूटर सावलीला उभी केली, रस्ता सोडून, नीट कडेला. आणि फाटकाशी टेकून मुलांची वाट बघत उभी राहिले.